पिल्लू विकले, जबाबदारी कोणाची?

घाटकोपरच्या पंतनगरात राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुटीत, मुलीच्या हट्टाखातर लॅब्राडॉर जातीचे एक पिल्लू विकत घेतले. किंमत बारा हजार रुपये. पैसे रोख मोजले. पावती मागण्याचे सुचले नाही. विक्रेत्याने लसीकरणाची एक लहानशी पुस्तिका तेवढी हाती ठेवली. तीत एका रकान्यात लसीच्या कुपीवरची चिकटपट्टी लावलेली होती आणि शेजारी कोणाची तरी अस्पष्ट सही होती. चौथ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. पाचव्या दिवशी उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले. पशुवैद्याने पार्व्होचे निदान केले, चार दिवस सलाईन लावले, आणि पिल्लाच्या किमतीहून मोठे बिल झाल्यावर नवव्या दिवशी ते पिल्लू गेले.

विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते. "मी दिले तेव्हा ठणठणीत होते. तुमच्या घरी काय झाले, ते मला काय ठाऊक?" थोडा आवाज चढल्यावर त्याने तडजोड सुचवली, की दुसरे पिल्लू अर्ध्या किमतीत घेऊन जा. सदरा आखूड निघाला तर बदलून घेता येतो, हे तसे कसे समजायचे, असे मास्तर आम्हाला विचारत होते. आणि त्या प्रश्नात, त्यांच्याही नकळत, या विषयातील सगळी कायदेशीर अडचण येऊन गेली होती.

ज्या उपनगरांत माणसाला सरकारी रुग्णालयात खाट मिळण्यासाठी वशिला लागतो, तेथे कुत्र्याच्या पिल्लाची चर्चा कसली, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुत्रा पाळणे ही बंगलेवाल्यांची चैन राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातला कारकूनही आता पिल्लू घेतो, आणि त्यासाठी महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा मोजतो. हा व्यवहार बहुधा दुकानातही होत नाही. मोबाइलवरील छायाचित्र पाहून सौदा ठरतो, स्टेशनाबाहेर एखादा पोऱ्या टोपलीतून पिल्लू आणून देतो, आणि पैसे पोहोचताच विकणारा अदृश्य होतो. जेथे हजारो रुपये हातोहात फिरतात आणि मालाला जीव असतो, तेथे विकणाऱ्याची जबाबदारी कोठवर हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने पिल्लू हा 'माल' आहे. मालविक्री अधिनियम १९३० सालचा. त्यात प्रत्येक जंगम मालमत्ता मालात मोडते. मग ती पोलादाची कांब असो की श्वास घेणारा जीव असो. या कायद्याच्या सोळाव्या कलमाचा पाया 'घेणाऱ्याने सावध असावे' या इंग्रजी तत्त्वावर घातलेला आहे. त्याला अपवाद आहेत. माल कशासाठी हवा हे विक्रेत्याला सांगितले असेल व त्याच्या जाणतेपणावर विसंबून तो घेतला असेल, अथवा त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून तो वर्णनावरून घेतला असेल, तर तो योग्य प्रतीचा असला पाहिजे, अशी अट कायदा गृहीत धरतो. परंतु लगेच पुढे पुस्ती आहे, की ग्राहकाने माल तपासून घेतला असेल, तर तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषाबद्दल नंतर तक्रार चालणार नाही. मास्तरांनी पिल्लू उचलून पाहिले होते, नाक ओले आहे की नाही तेही पाहिले होते. नाकावरून पार्व्हो कळत नाही, हा भाग निराळा.

या तत्त्वाचे टोक कोठवर जाते, हे इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्यावरून दिसते. वॉर्ड विरुद्ध हॉब्स या नावाचा हा खटला उमरावांच्या सभागृहाने १८७८ मध्ये निकालात काढला. एका इसमाने तापाची लागण झालेली डुकरे बाजारात आणून 'आहेत तशी, सर्व दोषांसह' या बोलीवर विकली. ती मेलीच, पण घेणाऱ्याच्या घरच्या डुकरांनाही लागण झाली. रोगी जनावर बाजारात आणणे हा त्या देशात कायद्याने गुन्हा होता. तरीही न्यायमूर्तींनी ठरवले, की गुन्ह्याबद्दल शिक्षा होईल ती होवो, केवळ बाजारात आणल्याने 'हे जनावर निरोगी आहे' असे विक्रेत्याने सांगितले असे होत नाही, आणि सर्व दोषांसह घेणाऱ्याला भरपाई मागता येत नाही. म्हणजे सरकारचा गुन्हा एकीकडे आणि ग्राहकाचे नुकसान दुसरीकडे. दोहोंची गाठ नाही. ही फारकत आपल्याकडे आजही कशी जिवंत आहे, ते पुढे येईल.

वास्तविक 'घेणाऱ्याने सावध असावे' हा सल्ला आपल्या बैलबाजारात अगदीच अन्यायाचा नव्हता. बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याइतकाच जाणता असे. तो दात मोजी, खूर पाही, चालवून पाही, आणि बैलाची खोड कोणती हे आडून आडून काढून घेई. तरीसुद्धा आपल्या जुन्या धर्मशास्त्राने तेवढ्यावर भागवले नव्हते. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेला मुदती घालून दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, ओझ्याच्या व ओढीच्या जनावराला पाच, दुभत्या जनावराला तीन. दोष पहिल्याच दिवशी दिसत नाही आणि दिसेपर्यंत सौदा पक्का समजू नये, हे ज्यांना सुचले त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. याच स्मृतीवरील मिताक्षरा इंग्रजी न्यायालयांनी वारसाहक्कासाठी उलथीपालथी वाचली. बाजाराचे नियम मात्र विलायतेहून आणले.

पिल्लाच्या बाबतीत तर मुदतीचा हा मुद्दाच निर्णायक आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे वैद्यक पाहिले पाहिजे.

पार्व्होचा विषाणू कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला तो १९७८ साली, आणि दोन वर्षांत तो जगभर पसरला. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे तीन ते सात दिवस जातात. कधी त्याहून अधिक. म्हणजे सोमवारी लागण झालेले पिल्लू बुधवारी उड्या मारीत असते, हात चाटते, दूध पिते. त्याच दिवशी ते विकले जाते आणि शनिवारी आडवे होते. विक्रेता "दिले तेव्हा ठणठणीत होते" असे म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा खरेच बोलत असतो! दोष होता, पण तो दिसण्याजोगा नव्हता. डिस्टेंपरचे याहून फसवे आहे. त्याचा पहिला ताप येऊन जातो, आणि झटके यावयास कधी कित्येक आठवडे लागतात.

"लस दिलेली आहे" या शब्दांचाही असाच गैरसमज होतो. जन्मल्यानंतर पहिल्या दिवशी पिल्लू आईचा जो चीक पिते, त्यातून त्याला आईची प्रतिपिंडे मिळतात. काही आठवडे ती त्याचे रक्षण करतात. परंतु तीच प्रतिपिंडे लसीलाही निकामी करतात. ती ओसरतात केव्हा, हे प्रत्येक पिल्लात निराळे असते: कोणात सहाव्या आठवड्यात, कोणात चौदाव्या. मधे एक असा काळ येतो, की रोग अडवण्याइतकी ती उरलेली नसतात, पण लस अडवण्याइतकी असतात. म्हणूनच पशुवैद्य सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मात्रा देतात. एका मात्रेची चिकटपट्टी लावून पिल्लू सुरक्षित झाले असे सांगणे हे पहिल्या इयत्तेचा दाखला दाखवून मॅट्रिक झाल्याचे सांगण्यासारखे आहे. आणि भरघोस किंमत देणाऱ्याला जातिवंतपणाचा म्हणून केनेल क्लबचा जो कागद दाखवतात, तो वंशावळीचा कागद असतो. प्रकृतीविषयी तो काहीच बोलत नाही.

आता 'दुसरे घेऊन जा' या तडजोडीकडे पाहा. पार्व्होचा विषाणू जमिनीत, फटीत, चटईत महिनोन्महिने टिकतो. नेहमीच्या फिनेलने तो मरत नाही. ब्लीचच्या पाण्याने धुवावे लागते. ज्या घरात एक पिल्लू गेले, तेथे आठवड्याभरात पुरी लस न झालेले दुसरे पिल्लू आणून ठेवणे म्हणजे तेही त्याच वाटेने धाडणे. शिवाय उपनगरातल्या इमारतीत जिना एक, गच्ची एक, आवार एक. एका घरातला रोग शेजारच्या कुत्र्यापर्यंत आणि फाटकाशी बसणाऱ्या भटक्या कुत्रीच्या पिल्लांपर्यंत जातो. १८७८ च्या खटल्यातील डुकरांचे जे झाले तेच. तेव्हा बदलून देण्याचा जो उपाय पंख्याला किंवा मिक्सरला पुरतो, तो येथे उपायच नव्हे. पिल्लाच्या खरेदीत नुकसान होते ते मुख्यत्वे औषधोपचाराचे. तो खर्च किमतीहून अधिक असतो, आणि जीव तळमळत असताना "आता पुरे" असे कोणी म्हणू शकत नाही. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयापर्यंत रात्री बोरिवलीहून टॅक्सीने नेण्याचा खर्चही त्यातच धरावा लागतो.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने या चित्रात फरक पडला, हे मान्य केले पाहिजे. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही. पावती न देणे हीच या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आणि सदोष माल, पावतीवर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील. तेव्हा भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून जबाबदारी झटकता येते, ही समजूत दुकानदारांनी सोडून द्यावी.

पण दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे. माल सदोष होता, आणि तो विक्रीच्या वेळी सदोष होता, हे सिद्ध करावयाचे कोणी? तक्रारदाराने. सदोष पंखा प्रयोगशाळेत पाठवता येतो. पिल्लू बहुतेक जण त्याच रात्री कोठेतरी पुरून टाकतात. शवविच्छेदन करून घ्यावे हे दुःखात असलेल्या माणसाला सुचत नाही, आणि सुचले तरी मुलांसमोर बोलवत नाही. अशा रीतीने पुरावा मातीत जातो आणि विक्रेत्याच्या 'ठणठणीत होते' या वाक्याला उत्तर देणारे काही उरत नाही.

या पोकळीत बसेल असा कागद सरकारने तयार केलेला आहे, ही यातली चमत्कारिक गोष्ट. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी नियम केले, आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयी. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे; आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येणार नाही; कुत्रीकडून वर्षात एकाहून अधिक वेत घेता येणार नाही; पिल्लू लस दिलेले व पशुवैद्याने निरोगी म्हणून दाखला दिलेले असले पाहिजे; नोंदी ठेवल्या पाहिजेत. घरच्या घरी दोन कुत्र्या ठेवून पिल्ले विकणारा गृहस्थही, आपण हौशी आहोत असे म्हणून, यातून सुटत नाही. हे नियम नीट पाळले गेले, तर विक्रीच्या दिवशी पिल्लाची प्रकृती काय होती याचा पुरावा विक्रेत्याच्याच दप्तरात तयार असेल.

पण नियम मोडला तर काय? नियमभंगाला दंड शंभर रुपयांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. उपासमारीने वा गर्दीत कोंडल्याने हाल होत असलेला प्राणी विक्रीला ठेवण्याबद्दल मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला किमान दहा व कमाल पन्नास रुपये दंड आहे. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात घाटकोपर स्टेशनाबाहेर दोन वडापाव आणि चहा येतो. आणि हा दंड भरला तरी त्यातला छदामही मास्तरांना मिळत नाही. क्रूरतेचा कायदा प्राण्याचा कैवार घेतो, ग्राहकाचा कायदा ग्राहकाचा, आणि दोघांची ओळख नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपण त्या डुकरांच्याच बाजारात उभे आहोत.

इतर देशांनी ही गाठ मारून दाखवली आहे. फ्रान्समध्ये कोणते रोग विक्रेत्याच्या माथी आणि किती दिवसांत संशय व्यक्त झाला तर, हे नियमातच लिहिले आहे: पार्व्होला पाच दिवस, डिस्टेंपरला आठ. याज्ञवल्क्याला हे वाचून परके वाटले नसते. न्यूयॉर्क राज्यात विक्रीपासून चौदा दिवसांत रोग, अथवा एकशे ऐंशी दिवसांत जन्मजात व्यंग पशुवैद्याने प्रमाणित केले, तर पैसे परत, बदली वा उपचाराचा खर्च यांतून निवड करण्याचा अधिकार ग्राहकाला दिला गेला. पुढे डिसेंबर २०२४ पासून त्या राज्याने दुकानांतून कुत्री विकणेच बंद केले. कॅलिफोर्नियात उपचाराचा खर्च किमतीच्या दीडपटीपर्यंत मिळण्याची तरतूद झाली. इंग्लंडने एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मध्यस्थांनी विकण्यास मनाई केली, म्हणजे घेणारा पैदास करणाऱ्याच्याच दारी जाईल. या सर्वांत आम्हाला जर्मनीची तरतूद अधिक मुद्द्याची वाटते. व्यापाऱ्याने ग्राहकाला विकलेल्या मालात ठरावीक काळात दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळी होताच असे तेथील कायदा गृहीत धरतो; नव्हता हे विक्रेत्याने दाखवावयाचे. २०२२ मध्ये हा काळ इतर मालाला एक वर्षाचा केला, जिवंत प्राण्यांना सहा महिन्यांचाच ठेवला. कारण उघड आहे. प्राणी रोज बदलत असतो, आणि त्यातला काही बदल घेणाऱ्याच्या हातून होतो.

हा शेवटचा भाग आपल्या ग्राहकांनीही ऐकण्यासारखा आहे. लसीच्या मात्रा पुऱ्या होण्यापूर्वी पिल्लाला आवारात मोकळे सोडणारे, पशुवैद्याकडे जाण्याऐवजी शेजाऱ्याच्या सल्ल्याने हळद चारणारे, आणि दुसरी मात्रा 'पुढच्या पगाराला' म्हणून लांबवणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. मुख्य म्हणजे पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू अधिक गोजिरवाणे दिसते म्हणून तेच मागणारा ग्राहक आहे, म्हणूनच ते आईपासून तोडून आणणारा विक्रेता आहे. बाजारातल्यापेक्षा निम्म्या दरात 'जातिवंत' पिल्लू मिळते तेव्हा कोठे काटकसर झाली असेल, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडावयास हवा. जो विक्रेता कुत्रीला वर्षातून एकदाच विऊ देतो, पिल्ले दोन महिने पोसतो, आईबापांच्या कमरेच्या हाडांची क्षकिरण तपासणी करून घेतो, त्याला तो दर परवडणारच नाही. आणि अशा प्रामाणिक माणसावर आयुष्यभराची हमी लादणेही अन्यायाचे होईल.

म्हणून मागणी मर्यादित असावी. संसर्गजन्य रोगांना पंधरा दिवस आणि जन्मजात व्यंगांना सहा महिने ते वर्ष, एवढ्या मुदतीत पशुवैद्याने निदान लिहून दिले, तर दोष विक्रीपूर्वीचा होता असे गृहीत धरावे. विक्रेत्याने आपल्या नोंदी व दाखला दाखवून ते खोडून काढावे. उपचाराचा वाजवी खर्च किमतीहून अधिक झाला तरी तो मागता यावा. नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, आईची नोंद, लसींच्या तारखा आणि दाखला देणाऱ्या पशुवैद्याचे नाव असलेला एकच छापील नमुना राज्याने ठरवून द्यावा, आणि ज्याच्याजवळ तो नसेल त्याचा बचाव ऐकू नये. करार आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत. महाराष्ट्राला दिल्लीकडे बोट दाखवून गप्प बसण्याचे कारण नाही.

प्राणी हा माल नव्हेच, असे काही प्राणिमित्र म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींच्या खटल्यात प्राण्यांच्या प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचा उच्चार केला, त्याचा ते आधार घेतात. तत्त्व म्हणून आम्हाला ते पटते. परंतु उद्यापासून पिल्लाला माल म्हणावयाचे नाही असे ठरले, तर ग्राहक आयोगाचे एकमेव उघडे दारही बंद होईल आणि विक्रेते सर्वांत आधी टाळ्या वाजवतील. तूर्त त्याला माल म्हणू द्यावे. भरपाई मात्र जिवाच्या हिशेबाने मागावी.

मास्तरांनी तक्रार करण्याचा विचार पहिल्या आठवड्यातच सोडून दिला होता. पावती नाही, शव नाही, म्हणजे पुरावा नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. परवा त्यांच्याकडे गेलो असता सहज ती लसीची पुस्तिका पाहावयास मागितली. पहिल्याच पानावर विक्रेत्याने स्वतःच्या हाताने जन्मतारीख घातली होती. मुलीने भिंतीवरच्या कालनिर्णयावर पिल्लू घरी आले त्या दिवसाभोवती लाल गोल काढून ठेवला होता; मास्तरांनी दोन तारखांतले दिवस मोजले. एकेचाळीस भरले. आठ आठवड्यांचे छप्पन होतात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. मास्तरांनी पुस्तिका पुन्हा कपाटात ठेवली नाही, टेबलावरच राहू दिली.